स्वतःपुरतं तेल

रानाला अगदी खेटून एक गाव वसलेलं होतं. घरामागचं परसू संपलं की झाडीच सुरू व्हायची. गावाचं रानाशिवाय पान हलत नसे. सरपण रानातलं, मध रानातला, आणि थंडी सरता सरता झाडांखाली पडणारा हिरडा तर सगळ्या गावाचा आधार. त्या दिवसांत बाया-माणसं सकाळीच निघायची आणि दिवसभर पाचोळ्यात वाकून हिरडा वेचायची.

त्याच पाचोळ्यात गोचिडी असत. गुरांच्या कानात टम्म फुगून बसलेली गोचीड सगळ्यांना ओळखू येते. रानातल्या या गोचिडी मात्र मोहरीएवढ्या, काही तर खसखशीच्या दाण्याएवढ्या. अंगावर चढल्या तरी कळत नसे, चावल्या तरी दुखत नसे.

गावातल्या म्हाताऱ्या वैद्याने तरुणपणी या गोचिडींमुळे पसरलेला ताप पाहिला होता. घरंच्या घरं झोपलेली पाहिली होती. तेव्हापासून त्याने गावाला एक नियम घालून दिला होता. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, तडक पारावर येऊन सांगायचं. हा ताप आधी माकडांना मारतो, वैद्य सांगायचा. मग त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात दुसऱ्या अंगाची वाट बघत बसतात. म्हणून त्या बाजूचं रान पावसाळ्यापर्यंत बंद करायचं. बाकीच्या रानात जाताना अंगभर कपडे घालायचे, पायांना फडकी गुंडाळायची, उघड्या राहिलेल्या अंगाला करंजाचं तेल चोळायचं. पाचोळ्यावर बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे, कढत पाण्याने आंघोळ करायची आणि काखेत, गुडघ्यामागे, कानामागे एकमेकांना नीट बघायचं.

पण बरीच वर्षं ताप आला नाही आणि लोक सैल झाले. फडकी नकोशी झाली, तेलाच्या उग्र वासाने नाकं मुरडली जाऊ लागली. यात सगळ्यांत पुढे होता कुशा. हिरडा वेचायला जाणाऱ्यांचा तो म्होरक्या. कुठल्या झाडाखाली सडा पडलाय ते त्याला कळायचं आणि लोक त्याच्यामागून निमूट चालायचे. त्याने एकदा भर पारावर वैद्याची टिंगल केली होती. मोहरीएवढ्या किड्याला भिऊन पायांना लंगोट बांधणारा गडी मी नव्हे, असं तो म्हणाला होता. सगळे हसले होते. त्या दिवसापासून पायांना फडकी बांधणाऱ्याकडे लोक भित्रा म्हणून बघू लागले. वैद्य अजून सांगत होता, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

कुशाचा धाकटा भाऊ लवू. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. लवूला दादाचं भारी कौतुक. दादा उघड्या पायांनी चालतो म्हणून लवूही उघड्या पायांनी चालायचा.

एके दिवशी सडा कुठे पडलाय ते बघायला कुशा एकटाच पुढे गेला. वरच्या घळीशी त्याला एक माकड पडलेलं दिसलं. त्याच्या अंगावर जखम नव्हती. थोडं पुढे दुसरं, आणि झाडाच्या बुंध्याशी तिसरं, पोटाशी पिल्लाला धरून. पिल्लूही मेलेलं होतं.

कुशा तिथे उभा राहिला. पारावर जाऊन सांगायचं, एवढंच त्याचं काम होतं. पण सांगितलं तर रान बंद होणार होतं, आणि सगळ्या गावासमोर वैद्याचं खरं ठरणार होतं. लोक आता आपल्याला हसतील, हे त्याला सहन होईना. त्याने एका लांब काठीने ती माकडं घळीत ढकलून दिली, वर पाला सारला आणि तो घरी आला. तोंडातून एक शब्द काढला नाही.

हिरड्याचा सडा तिथेच होता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना त्याच बाजूला नेलं.

त्याची बायको येसू त्या दिवसापासून काही गोष्टी बघत होती. नवरा आता लांब धोतर नेसू लागला होता. त्याच्या अंगाला करंजाच्या तेलाचा वास यायचा. विचारलं तर म्हणाला, गुडघे धरलेत. दुपारी सगळे पाचोळ्यावर बसून भाकरी खायचे, तेव्हा हा उंच खडकावर जाऊन बसायचा. लवू खालून हाक मारायचा, दादा, इथे सावलीत ये ना. कुशा म्हणायचा, मला इथे वारा लागतोय. आणि लवू हसून पुन्हा पाचोळ्यात आडवा व्हायचा.

काही दिवसांनी लवू तापाने फणफणला. डोकं फुटतंय म्हणून तो भिंतीवर कपाळ आपटू लागला. अंगाला हात लावू देईना. त्याची बायको सुंदरा पेज घेऊन बसायची, पण घोटभरसुद्धा पोटात राहीना.

वैद्य आला. लवूचं अंग तपासताना त्याला काखेत एक बारीक काळा ठिपका दिसला. त्याने तो बोटाने चिरडला नाही. चिमट्याने कातडीजवळ धरून हळूच सरळ ओढून काढला. गोचीड होती. वैद्याचा चेहरा उतरला. त्याने दारात उभ्या असलेल्या कुशाला विचारलं, "रानात कुठे मेलेलं माकड बघितलंस का?"

भाऊ आत कण्हत होता. सुंदरा वळून बघत होती.

"नाही," कुशा म्हणाला.

वैद्याने त्याच्यावर विश्वास ठेवला. नुसत्या एका गोचिडीवरून तो गावाचं रान बंद करू शकत नव्हता. त्यामुळे लोक पुढचे दिवसही त्याच बाजूला जात राहिले, तसेच उघड्या पायांनी, त्याच पाचोळ्यात बसत राहिले. तोवर कुंभाराची सून पडली. मग पाटलाचा पुतण्या. मग एक म्हातारा, जो कधी मोळी आणायलाही वर जात नसे, पण यंदा हिरडा चांगला पडलाय म्हणून गेला होता.

म्हातारा पडला त्या संध्याकाळी येसू पाणी आणायला ओढ्यावर गेली. तिथे तिने आपल्या नवऱ्याला पाहिलं. दगडावर बसून तो एकेका पायाची गुडघ्यामागची वळी ताणून बघत होता, काखा चाचपत होता. कपडे त्याने आधीच पाण्यात बुडवून ठेवले होते. शेजारी चिमटा होता आणि तेलाची बुधली होती.

येसूने घागर खाली ठेवली. हे सगळं कशासाठी, असं तिने विचारलं. कुशा दचकला, मग म्हणाला की सवय लावून घेतोय, वैद्य म्हणतो म्हणून. वैद्याचं नाव या माणसाच्या तोंडी तिने कधी आदराने ऐकलं नव्हतं. ती तिथून हलली नाही. माकडं मेली का, तिने विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी तो खाली बघून पुटपुटला की एकच होतं, म्हातारं असेल, आपोआप मेलं असेल असं वाटलं.

"मग पायांना तेल कशाला लावलंत?" येसू म्हणाली.

कुशाने बुधली पाठीमागे सारली.

येसूला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता. नवरा मूर्ख असता तर तिने पोटात घातलं असतं. बेफिकीर असता तरी घातलं असतं. पण याला सगळं कळलं होतं. याने वैद्याचा शब्द न् शब्द मनात खरा मानला होता, स्वतःच्या कातडीपुरता पाळला होता, आणि ज्या जागेला आपण भितो त्याच जागेवर भावाला आडवं पडू दिलं होतं.

"खडकावर बसून बघत होतात तुम्ही त्याला," ती म्हणाली. "एक वाक्य बोलायचं होतं. लवू, ऊठ तिथून. एवढंच. त्याला काय लागत होतं?"

कुशा रडू लागला. वैद्याचं खरं ठरलं असतं, गाव हसलं असतं, असं काहीतरी तो बोलला. मग त्याने तिचे हात धरले. पारावर सांगू नकोस म्हणाला, घराची अब्रू जाईल, पोरांना कुणी दारात उभं करणार नाही. येसूने हात सोडवून घेतले. या घराची अब्रू वाचवायला आणखी किती घरांतली माणसं झोपवायची, असं तिने विचारलं. आणि रिकामी घागर तिथेच टाकून ती चालू लागली.

पारावर पाटील होता, वैद्य होता, चार माणसं होती. येसूने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं. आवाज चढवला नाही, काही लपवलं नाही, आणि शेवटी म्हणाली की उद्यापासून त्या रानात कुणी पाऊल टाकू नये.

वैद्य डोक्याला हात लावून बसला. मग उठला आणि दारोदार फिरला. रान बंद झालं. घरोघरी कपडे उकळू लागले, माणसं एकमेकांच्या कानामागे बघू लागली. रानातला पालापाचोळा गोठ्यात अंथरायला आणला होता तो लोकांनी जाळून टाकला. थोड्याच दिवसांत नवं कुणी आजारी पडेनासं झालं. कुंभाराची सून वाचली, पाटलाचा पुतण्या वाचला. या तापावर माझ्याकडे औषध नाही, वैद्य उघडपणे सांगत होता, वेळेवर पेज-पाणी आणि विश्रांती एवढंच आहे. म्हातारा वाचला नाही.

लवूही वाचला नाही. त्याच्या दातांच्या हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येऊ लागलं. त्याने दादाला बोलवा म्हटलं. सुंदराने बोलावलं नाही.

तेरावं झाल्यावर पारावर गाव जमलं. लोक चवताळले होते. कुणी म्हणालं, कुशाला झाडाला बांधून मारा. कुणी म्हणालं, गावाबाहेर काढा, पुन्हा तोंड दाखवू देऊ नका. पाटलाचंही तेच मत पडलं. कुशा मान खाली घालून बसला होता. जायला तो तयारच दिसत होता.

येसूने बोलायची परवानगी मागितली. लोकांना वाटलं, आता ही दया मागणार.

"याला घालवू नका," ती म्हणाली. "परक्या गावात याला कोण ओळखतं? तिथे हा सुखाने जगेल. याला इथेच ठेवा. रानाच्या वाटेवर उभा करा. जाणाऱ्या प्रत्येकाला याने स्वतःच्या तोंडाने सांगावं की मी काय बघितलं आणि काय लपवलं. मगच त्याला तेल द्यावं. आणि परत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघावेत. रोज."

हे काम किती दिवसांचं, कुणीतरी विचारलं. येसू म्हणाली, लवू परत येईपर्यंत.

तेच ठरलं.

पावसाळ्यानंतर रान उघडलं, आणि पुढच्या वर्षी हिरड्याचे दिवस पुन्हा आले. वाटेच्या तोंडाशी कुशा उभा राहायचा. समोर माणूस आला की सांगायचा, मी तीन माकडं मेलेली पाहिली आणि लपवली, त्याने माझा भाऊ गेला. सुरुवातीला त्याचा आवाज फुटत नसे. लोक थांबून राहायचे, तो बोलेपर्यंत पुढे जात नसत. मग तो तेलाची बुधली पुढे करायचा. संध्याकाळी पुरुषांचे पाय तो बघायचा, बायकांचे येसू बघायची. येसू त्याच्यासाठी भाकरी बांधून आणायची. ती त्याच्यापाशी ठेवायची आणि लांब जाऊन बसायची.

सुंदरा वर्षभर रानाकडे फिरकली नव्हती. पण दोन पोरं होती, आणि हिरडा कुणाला चुकला नव्हता. एके सकाळी ती आली. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी पदर सरळ केल्याशिवाय उभी राहिली नव्हती, कधी थेट बोलली नव्हती. कुशाने तिला पाहिलं आणि मान वळवली. ती उभीच राहिली. शेवटी त्याने सगळं सांगितलं, तिच्या समोर, शब्द न गाळता. तिने तेल घेतलं, पायांना चोळलं, फडकी घट्ट बांधली आणि वर गेली.

संध्याकाळी उतरली तेव्हा येसू तिच्यासाठी उठली. सुंदराने तिला हातानेच थांबवलं. ती सरळ कुशासमोर गेली, पाटी खाली ठेवली, फडकं सोडलं आणि पाय पुढे केला. घोट्याच्या वर, फडक्याच्या कडेला, एक बारीक काळा दाणा चिकटलेला होता.

कुशा गुडघ्यांवर बसला. त्याने चिमटा घेतला. कातडीला लागून धरून, न पिळता, न झटकता, हळूहळू सरळ ओढून त्याने गोचीड काढली आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकली. ती जागा साबण-पाण्याने धुतली. मग त्याने वर बघितलं. काही बोलायला त्याचे ओठ हलले.

"भावजी," सुंदरा म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बघू नका. दुसरा पाय राहिलाय."

आणि तिने दुसरा पाय पुढे केला.

या गोष्टीचं तात्पर्य लहानांनी आणि मोठ्यांनीही मनात ठेवावं: रानात जाताना अंग झाका, आल्यावर अंग तपासा, आणि धोका दिसला तर आधी दुसऱ्याला सांगा. जो जाणून गप्प बसतो आणि स्वतःपुरता वाचतो, त्याच्या हातून माणसं मरतात.