हिरूचं मातकट पिल्लू

समुद्राकाठी एक हिरू राहायची. ना आई, ना बाप. काकीच्या पदरात पडलेली. काकीचा पदर आखूड नि जीभ लांब. काठ्यांवर बोंबील वाळायचे आणि हिरूने दिवसभर घारी हाकायच्या. त्याबद्दल भात मिळायचा, तोही बुडाचा, करपलेला.

एकदा माडाखाली तिला घारीचं पिल्लू सापडलं. पंख लुळा, रंग चिखलासारखा. हिरूने ते टोपलीत घातलं, काठ्यांखाली पडलेले बोंबलाचे तुकडे भरवले.

काकी टोपलीत डोकावली. "तांबडी घार असती, पांढऱ्या डोक्याची, तर ठेवली असती. देवाची असते ती. ही मातकट चोरटी कशाला? सकाळी टाकून ये."

"काकी, तिला उडता येत नाही अजून."

"मग चालत जाईल."

हिरू टोपली घेऊन केवड्याच्या बनात जाऊन बसली. केवड्यातून सोनेरी भुकटी उडाली नि इवलीशी परी खाली उतरली. मोरपंखी परकर, दवाच्या थेंबुल्यांचे पैंजण, लखलखते तांबूस पंख, नाकाला मात्र पिवळी भुकटी.

"एक काहीतरी माग," परी शिंकत म्हणाली. "हिला तांबडी करू? आत्ताच्या आत्ता? पण एक आहे हं, मी रंगवलेलं पीस कधी गळत नाही."

हिरूने पिल्लाच्या पंखावरून बोट फिरवलं. काठ्यांखाली ती रोज घारींची झिजलेली पिसं वेचायची. जुनं गळलंच नाही तर नवं येणार कुठून? फाटक्या पिसांवर ही उडणार कशी?

"रंग नको. काकीला जरा धीर धरायला शिकव."

"अगं बाई," परी म्हणाली, "रंग सोपा होता." तरी तिने गावाकडे तोंड करून फुंकर मारली.

सकाळी काकीने तोंड उघडलं, मिटलं. "राहू दे चार दिवस," म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

चार दिवसांची दोन वर्षं झाली. पिल्लू उडायला लागलं, पण सांजेला परत यायचं. मातकट पिसं एकेक गळाली. खालून विटकरी आली, डोक्यावर दुधासारखी पांढरी. एका सकाळी काठीवर उन्हात झळझळीत तांबडी घार बसलेली. बोंबलांकडे फिरकायची एकाही कावळ्याची छाती होईना.

"मी पहिल्यापासून सांगत होते, तांबडीच आहे," काकी म्हणाली. त्या दिवशी हिरूला वरचा, मऊ भात वाढला, वर तळलेला मासा.

काठीच्या टोकाला परी येऊन बसली. "गळालेली पिसं आहेत ना? दे मला."

"ही मातकट?"

"लहानपणी माझे पंख अस्सेच होते गं."

पिसांची जुडी तिने कुशीत घेतली, एकदा शिंकली, आणि काठीच्या टोकावर नुसता सोनेरी उजेड उरला.