धनेशिणीची विनवणी

फार पूर्वी, पक्ष्यांतही सासर-माहेर होतं तेव्हाची गोष्ट. नवी नवरी धनेशीण रीतीप्रमाणे अंडी घालायला ढोलीत बसली आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलं गेलं. उरली चोचीपुरती फट. आता खाऊ घालणार तो धनेश. तो एक उंबर द्यायचा आणि विचारायचा, "पुरे ना?" माहेरच्या वळणानं ही म्हणायची, "पुरे." मग दिवसभर पोटात कावळे ओरडायचे.

अंगात त्राण उरेना, तेव्हा ती शब्द शोधू लागली. विनंती करावी, तर परकेपणा वाटेल. याचना भिकारी करतात. साकडं देवाला घालतात, आणि हा काही देव नव्हे.

शेजारची खार वैतागली. "अगं बाई, तू शब्द निवडत बस. उपाशी मेलीस तर अंडी थंड पडतील!"

धनेश आला. धनेशिणीनं डोळे मिटले. "अहो, आर्जव करते, विनवते... मला भूक लागलीय!"

धनेश फांदीवर मटकन बसला. "सुटलो बाई! रोज गळाभर उंबरं आणतो. तुला आवडत नाहीत वाटून उरलेली मीच गिळतो. अजीर्ण झालंय मला!"

मग फटीतून उंबरामागून उंबर आत येऊ लागलं. आभार मानायचे तिच्या मनात होते, पण तोंड भरलेलं होतं.