बोरझिऱ्याची सांधेवाली

सातपुड्याच्या पायथ्याला माणसांच्या वाटांपेक्षा अस्वलांच्या वाटा जास्त मळलेल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. बोरझिरा नावाचं गाव होतं आणि त्या गावाला बारकी रेल्वे आली होती. इंजिन एवढंसं, त्याच्यामागे दोन डबे माणसांचे आणि चार डबे मालाचे. घाटावरून साग, डिंक, कापूस उतरायचा. खालून मीठ, रॉकेल आणि लग्नाची वऱ्हाडं चढायची. वर वरगड, खाली बोरझिरा, आणि मधे सात कोस जंगल. त्या सात कोसांत स्टेशन नाही, वस्ती नाही. अर्ध्या चढावर दगडाच्या खाणीचा एक फाटा तेवढा होता.

रूळ एकच. घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर माती करायलाही कुणी हाती लागलं नसतं. म्हणून एक लोखंडी गोळा असायचा, चामड्याच्या थैलीत घातलेला. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचा घाट. गोळा बोरझिऱ्यात असला की समजायचं, घाट रिकामा आहे. गोळ्याशिवाय लाटसाहेबाची गाडीसुद्धा हलत नसे.

तिथे गाडीसाठी रूळ बदलून देणारा सांधेवाला होता पुंजाजी. डबे जोडताना एकदा त्याचा पाय चाकाखाली गेला. कंपनी त्याला हाकलणार, तर दुसऱ्याच दिवशी त्याची बायको सारजा लुगड्यावर त्याचा खाकी सदरा चढवून सांध्याच्या दांड्यापाशी उभी राहिली. स्टेशनमास्तर म्हणाले, "हे बायकांचं काम नाही."

"मग वढा तुमी दांडा."

मास्तरांनी एकदा ओढून पाहिला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कागदावर सांधेवाला पुंजाजीच राहिला.

सारजाला एक खोड होती. गाडी सोडण्याआधी ती वाकून रुळावर तळहात ठेवायची. लोकांना वाटे, पाया पडते. पाया पडायला तिला वेळ कुठला! कानाला ऐकू येत नाही ते तिच्या हाताला ऐकू यायचं, असं म्हणतात.

एका चैत्रात तिची एकुलती लेक वच्छी पहिल्या बाळंतपणाला आली. दोन दिवस कळा दिल्या. मूल आडवं. शेवटी सुईण म्हणाली, "सारजे, माह्यानं होत नाही. वरगडच्या दवाखान्यात ने. आज पोचली तर वाचंन." वरगडला जाणारी गाडी दिवसातून एकच, दुपारची. वच्छीला डब्यात घोंगडीवर निजवलं. सुईण उशाशी बसली.

मास्तरांनी सारजाच्या हाती गोळा दिला. तो ड्रायव्हर हुसेनखाँला द्यायचा, की गाडी सुटणार. सारजा सवयीने वाकली, रुळावर हात ठेवला, आणि तशीच राहिली.

रूळ थरथरत होता.

भर उन्हातलं लोखंड, हात भाजायला हवा होता. तिला रूळ गार लागला. मेलेल्या माणसाच्या कपाळासारखा गार, असं म्हणतात. झाडांवर एक कावळा नव्हता. स्टेशनातलं कुत्रं मालाच्या ढिगाखाली शिरून बसलं होतं. घाटात कुणीच नाही, हे तिच्या हातातला गोळा सांगत होता. आणि कुणीतरी येत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "गाडी सोडू नका. घाटात काहीतरी हाय."

मास्तरांनी तारेवरून वरगडला विचारलं. उत्तर आलं, इथून काहीही सुटलेलं नाही. मास्तर चिडले. "गोळा आपल्याकडे आहे, वरून काही निघालं नाही, मग घाटात काय भूत आहे?"

"ठाऊक नाही."

"कारण सांग, कारण!"

तिच्यापाशी कारण नव्हतं. हाताला लागलेली थरथर तेवढी होती.

डब्यातून एक गठाणीवाला व्यापारी ओरडला, "आता बाईच्या तळहातावर गाडी चालणार काय गा?" लोक हसले. सुईणीने खिडकीतून तोंड काढलं. "सारजे, पोरगी हातची जाऊन राह्यली! काहून खोळंबवतं?" आणि तिच्यामागून वच्छीचा बारीक आवाज आला, "माय, गाडी काहून हालत नाही व?"

गाडी अडवली आणि घाट खरंच रिकामा निघाला, तर लेकीला तिनेच मारलं. सोडली, तर? तिने पुन्हा रुळाला हात लावला. थरथर वाढली होती.

हुसेनखाँ खाली उतरला. "सारजाबाई, दे गोळा. आत पोरगी तुझीच आहे ना?"

"म्हणूनच नाही देत," ती म्हणाली, आणि वळून तिने तो गोळा थैलीसकट स्टेशनाच्या विहिरीत फेकला.

मग जो कल्लोळ झाला! मास्तरांनी कपाळ बडवलं. गोळ्याशिवाय चाक हलायचं नाही, म्हणून उतारू खाली उतरले, शिव्या घालत विहिरीभोवती जमले. कुणी गळ आणला, कुणी दोर आणला. सुईण आतून किंचाळत होती, "पोटच्या पोरीची वैरीण झाली हे बाई!" सारजाने मागे पाहिलं नाही. ती घाटाच्या बाजूच्या सांध्याकडे पळाली.

तिथे तिने दांड्याला हात घातला. जे येत होतं ते वच्छीच्या गाडीवर येऊ नये, स्टेशनातल्या शेजारच्या मोकळ्या रुळावर जावं, एवढंच तिला करायचं होतं. पण उन्हाने लोखंड फुगलं होतं. दांडा हलेना. ती लोंबकळली, तरी हलेना. पायाखालची खडी आता उड्या मारत होती. आणि वळणापलीकडून आवाज आला. शिटी नाही, वाफ नाही. नुसती चाकं.

कुबडीवर उड्या घेत पुंजाजी येऊन पोचला. साऱ्या बोरझिऱ्यात त्या दिवशी एकट्या त्याने कारण विचारलं नाही.

"हात कुठं लावू?" तो म्हणाला.

दोघं मिळून दांड्यावर पडली. सांधा फिरला.

वळणावरून दगडांनी भरलेले तीन डबे आले. पुढे इंजिन नाही, वर माणूस नाही. खाणीच्या फाट्यावर चाकाखालचा अडवणीचा लाकडी ठोकळा सरकला होता आणि ते आपले आपण सुटले होते. येताना वाटेतली झाडं त्यांना पाहून मागे वाकली, असं म्हणतात. ते शेजारच्या रुळावर वळले, वच्छीच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून गेले, मालधक्का फोडून नाल्यात कोसळले. त्यांच्या तडाख्याने सांधा आणि तारेचा खांब उखडला आणि घाटाच्या तोंडाशी रूळ सुंभासारखा पिळवटला. धुरळा हळूहळू खाली बसला.

मग त्या शांततेत वच्छी कण्हली.

गाडी आता जाणार नव्हती. पहिल्यांदा कोण हललं? तो गठाणीवाला व्यापारी. त्याने मास्तरांची खाट उचलून आणली. वच्छीला खाटेवर घातलं आणि गाडीतल्या सगळ्या उतारूंनी ती खांद्यावर घेतली. सात कोस चढ. खांदे बदलले, पण खाट कुठेही जमिनीला टेकली नाही, असं म्हणतात, आणि म्हणणारे तिला खांदा दिलेले लोक होते.

सारजा त्यांच्याबरोबर गेली नाही. तिचे पाय उचलेनात. पिळवटलेल्या रुळावर हात ठेवून ती तिथेच बसली. अन्न नाही, पाणी नाही. पुंजाजी शेजारी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकाएकी ओरडली, "रडते! आयका, रडते जी! पोरगी हाय!"

रूळ तर तुटलेला होता. पण दिवस मावळायच्या आत वरगडहून माणूस आला. मायलेकी सुखरूप होत्या.

पुढे कंपनीचा साहेब चौकशीला आला. "तुला कसं कळलं?"

"कळलं नाही, सायेब. भेव वाटलं."

साहेबाने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. पण त्याने सारजाला कामावरून काढलं नाही. नवा गोळा आला, नवा रूळ आला. मात्र गोळा हाती आला तरी हुसेनखाँ तिच्या तोंडाकडे बघायचा. ती "जा" म्हणाली की इंजिन शिटी द्यायचं. ती वारल्यावर पुढचे ड्रायव्हर तिच्या लेकीकडे बघत, मग नातीकडे.

आता ती रेल्वे नाही. रूळ उपटून नेले, स्टेशनात बकऱ्या बसतात. वरगडला एसटी जाते. पण घाट चढण्याआधी ड्रायव्हर बोरझिऱ्याच्या फाट्यावर गाडी थांबवतो आणि तिथे जी म्हातारी बसलेली असेल, जातीची, परजातीची, कुणीही, तिला विचारतो, "आजी, जाऊ का?" बहुतेक वेळा ती हात हलवते, "जा बाप्पा." एखाद्या दिवशी ती काहीच बोलत नाही, नुसती घाटाकडे बघत राहते. मग ड्रायव्हर इंजिन बंद करतो. पोरं गप्प होतात, बाया पदर आवळून घेतात. घाई प्रत्येकाला असते. कुणाचा दवाखाना असतो, कुणाची कोर्टाची तारीख.

ती "जा" म्हणेपर्यंत सगळे बसून राहतात. कारण कुणी विचारत नाही.