खाऱ्या मातीची वाट

सागाच्या एका जुन्या जंगलात एक म्हातारा कोल्हा राहत असे. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि मागचा एक पाय थंडीत आखडायचा. पण मुलांनो, एके काळी तो त्या जंगलातला नावाजलेला वाटाड्या होता. थोरल्या वाघिणीला गव्याच्या शिकारीला न्यावे ते त्यानेच. गवा म्हणजे काही ससा नव्हे! टेकाडासारखी पाठ आणि एका धडकेत झाड हलवील असे डोके. म्हणून आदल्या दिवशी कोल्ह्याने एकट्याने जाऊन वारा कुठून वाहतो, वानरे कोणत्या झाडावर बसतात, पाचोळा कुठे वाजतो, हे सारे पाहून यावे आणि मगच वाघिणीने पाऊल टाकावे, अशी दोघांची रीत होती. वाघीण जाऊन दोन हिवाळे लोटले. तेव्हापासून कोल्हा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसे आणि ते दिवस आठवून उसासे टाकी.

एके दिवशी वाघिणीचा तरणाबांड लेक त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "हरणे-डुकरे पुष्कळ झाली. आईने जिथे गवा मारला, तिथे मला न्याल का?"

कोल्ह्याचे कान ताठ झाले. किती दिवसांनी कुणी त्याला असे विचारले होते! "न्यायला काय झाले, बाळराजे? ती वाट माझ्या पायांना पाठ आहे. डोळे मिटून नेईन."

मग तीन दिवस बेत चालला. डोंगराच्या कुशीत एक अरुंद घळ होती. तिच्या वरच्या टोकाला खारी माती होती. ती चाटायला गवे वरच्या उतारावरून खाली येत. "आपण खालून शिरायचे," कोल्हा समजावू लागला. "पहाटे वारा डोंगरावरून खाली वाहतो, म्हणजे आपला वास त्यांना लागत नाही. मधल्या काळ्या खडकाआड तुम्ही दबा धरायचा. आदल्या दिवशी पोटभर खायचे नाही, अंग जड होते. आणि कळपाच्या म्होरक्याला हात लावायचा नाही. मागे रेंगाळणारा पाहायचा. तुमची आई अशीच करायची." प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याच्या तोंडी आई येई आणि लहान बछडा असल्यासारखा तो तरणा वाघ डोळे मोठे करून ऐके. एकच गोष्ट या वेळी राहून गेली. कोल्हा स्वतः वाट पाहून आला नाही. पाय दुखत होता. आणि पाठ असलेली वाट पुन्हा काय पाहायची, असे त्याला वाटले.

चौथ्या दिवशी झुंजुमुंजू होताना दोघे निघाले. ओढ्याच्या वाळूत टिटवी बसली होती. ती म्हणाली, "कोल्होबा, घळीकडे निघालात? गेल्या पावसाळ्यात वरची दरड कोसळली. गव्यांची वाट आता..."

"तू अंड्यात होतीस तेव्हापासून मी ही वाट चालतोय," कोल्हा तिचे बोलणे तोडून म्हणाला आणि पुढे झाला. पण पुढे त्याला चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. ज्या जांभळीखाली वाघीण घटकाभर विसावायची, ती जांभूळ आडवी पडली होती. करवंदीची जाळी कुठे दिसेना. तरी तो तसाच पुढे चालत राहिला.

घळीत शिरून वाघ काळ्या खडकाआड बसला. कोल्ह्याने खाली वाकून पाहिले. ओल्या मातीत गव्यांचे ताजे खूर उमटले होते, आणि त्यांची टोके वरच्या बाजूला होती. म्हणजे गवे आता वरून येत नव्हते. खालूनच, याच तोंडाने आत येत होते! वर पाहावे तर खाऱ्या मातीच्या पलीकडे दरडीने घळ पार बुजलेली. कळप आला तर पाठीमागून येणार, आणि खाली वाहणारा वारा दोघांचा वास थेट त्यांच्या नाकात नेणार.

गप्प बसावे असे क्षणभर त्याच्या मनात आले. गवे कदाचित आज येणारही नाहीत. उगाच आपली अब्रू का घालवावी? पण त्याने वाघाकडे पाहिले. तो किती विश्वासाने बसला होता!

"बाळराजे, उठा," कोल्हा म्हणाला. "माझे चुकले. ही वाट मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? तीन दिवस तर..."

"मला नंतर काय ते बोला. आधी पळा!"

दोघे घळीच्या तोंडाशी पोचतात तोच कळप समोर आला. म्होरक्याने फुस्कारून मुसंडी मारली. वाघाने बाजूला उडी घेतली तरी शिंगाने त्याची बरगडी खरवडलीच. आणखी चार पावले आत असता, तर उडी घ्यायलाही जागा नव्हती.

तिथून कसाबसा निसटून ओढ्यावर येताच वाघ जखम चाटत बसला. कोल्हा मान खाली घालून लांब उभा राहिला. वाघाने विचारले, "काका, खरे सांगा. आई कधी रिकाम्या हाताने परतली होती का?"

कोल्ह्याला एकदम कितीतरी सकाळी आठवल्या. "चारातल्या तीन वेळा," तो म्हणाला. "मी मात्र चौथ्याच वेळेच्या गोष्टी सांगत आलो. त्या तीन वेळा आम्ही दोघे इथेच खेकडे खाऊन भूक मारायचो. ती चिखलात पंजा घालायची आणि खेकड्याने तो नांगीत धरला की कशी ओरडायची!"

वाघ खो खो हसला. आईची ही गोष्ट त्याला कुणीच सांगितली नव्हती. "मग मलाही शिकवा," म्हणत त्याने दगडाखाली पंजा घातला. ऊन चांगले वर येईपर्यंत राजा आणि वाटाड्या शेजारी शेजारी बसून खेकडे फोडत होते.

तात्पर्य : जुन्या आठवणी जिवापाड जपाव्यात, पण वाट मात्र आजची पाहून चालावे, आणि चुकल्याचे कळताच जो ते बोलून दाखवतो, त्याचीच सोबत धरावी.