कोटाचं भोक आणि मिरजेचं तिकीट

एकदा एका वृद्ध रफूगाराने आपल्या शिष्याचं उत्तम काम, भर दिवसा आणि शिष्याच्या डोळ्यांदेखत, कात्रीने उसवून टाकलं. रफूगार म्हणजे कोण हे हल्ली सांगावं लागतं, म्हणून सांगतो. वस्त्राला भोक पडलं की हा कारागीर सुईने एकेक धागा उभा-आडवा विणून ते असं बुजवतो, की भोक कुठे होतं हे खुद्द मालकाला सापडू नये. तासगावच्या बाजारपेठेत दस्तगीरचाचांचं असं दुकान होतं. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकत असलेला विश्राम हा तिशीचा, संसारी माणूस. हाताने हुशार, डोक्याने त्याहून हुशार. डोक्याची हुशारी जरा जास्तच होती आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

विश्रामला नाद होता एका रहस्यमालिकेचा. ‘किल्ली कोणाकडे’ हे तिचं नाव. दर शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग. एका डोंगरगावातल्या मास्तरांची बायको नाहीशी होते आणि आठ भाग उलटले तरी सापडत नाही. भाग संपला रे संपला, की विश्रामच्या मोबाइलवरचा तीनशे माणसांचा गट जागा व्हायचा. पोस्टमन डावखुरा का दाखवला? भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे का? अहो, पोटापाण्याचे उद्योग असलेली घोडी ही, पण त्या घड्याळावरून दोन दिवस भांडली! त्यात विश्रामचा तर्क सगळ्यांत सरस मानला जाई.

नवव्या भागात मास्तरांची भावजय चुलीत एक पावती जाळताना दिसली. विश्रामने ताबडतोब लिहिलं, ‘बाई हरवलेली नाही. स्वतःहून गेली आहे. कितीतरी महिने तयारी चालली होती. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळं घडत होतं, त्याला कळलं नाही.’ गटावर वाहवा झाली. कोणी तर म्हणालं, लेखकानेच तुमच्याकडे शिकवणी लावावी. विश्राम खूश होऊन झोपायला गेला, पण आपलंच शेवटचं वाक्य त्याला झोपू देईना. स्वतःचाच तर्क स्वतःला चावला म्हणा ना.

शनिवारी सकाळी तो दुकानात आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. आदल्या दिवशी रफू केलेला एक कोट त्याने चाचांपुढे ठेवला आणि म्हणाला, “चाचा, मला आज जरा लवकर सोडा. चार वाजता सासऱ्यांना बोलावलंय. शालनला त्यांच्याबरोबर पाठवून देणार.”

“माहेरपणाला?” चाचांनी विचारलं.

“कायमची.”

चाचांनी चष्मा काढला. “काय झालं, बेटा?”

विश्रामने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन महिन्यांपासून शालन त्याच्याशेजारी बसून मालिका बघत नाही, काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. मागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. फोन वाजत राहतो, ती उचलत नाही. आणि मंगळवारी आत्याकडे जाते म्हणून गेली, पण काल रात्री तिच्या पिशवीत मिरजेचं एसटीचं तिकीट सापडलं. “आत्या कवठ्याला राहते, चाचा. मिरजेला कोण आहे तिचं?”

“मिरजेला लोक कशाला जातात?”

“तिथून कुठलीही रेल्वे मिळते,” विश्राम म्हणाला. “सगळं जुळतंय हो. एकही गोष्ट सुटत नाही. हेच माझ्या छातीवर बसलंय.”

“तिला विचारलंस?”

“विचारून काय? ती काय खरं सांगणार आहे?”

चाचांनी तो कोट उचलला. एका गृहस्थाच्या वडिलांचा तो लग्नातला कोट होता. निखाऱ्याची ठिणगी पडून खिशाजवळ भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाचा मुलगा तोच कोट घालून बोहल्यावर चढणार होता आणि गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. विश्रामचं काम इतकं सफाईदार, की बोट फिरवलं तरी समजू नये. चाचांनी कात्री घेतली आणि कचाकच धागे कापून भोक पुन्हा मोकळं केलं.

“चाचा! अहो, काय करताय हे?” विश्राम ओरडलाच. “पाच वाजता माणूस येईल!”

“मग लाग कामाला. हे झाल्याशिवाय जायचं नाही.”

“पण काय चुकलं माझं?”

चाचांनी कापलेले धागे तळहातावर घेतले आणि त्याला दुकानाबाहेर उन्हात आणलं. दुकानातल्या दिव्याखाली काळेभोर दिसणारे धागे उन्हात निळसर दिसत होते. कोट मात्र तपकिरी झाक असलेला काळा होता. विश्रामची मान खाली गेली. रफूचा पहिलाच धडा असा, की भोक बुजवायला धागा त्याच वस्त्रातून घ्यायचा. आतल्या शिवणीत दुमडून दडवलेली पट्टी असते, ती उसवून तिच्यातून एकेक धागा सोडवायचा. वेळखाऊ काम आहे. शुक्रवारी संध्याकाळी नववा भाग गाठायचा म्हणून विश्रामने डब्यातला जुळता धागा ओढला होता.

त्याने मुकाट्याने शिवण उसवली. बारा वाजून गेले होते. एक धागा निघायचा, दुसरा तुटायचा. तो सुईपेक्षा घड्याळाकडेच जास्त बघत होता. चार वाजता सासरे घरी येणार, शालन दार उघडणार, आणि तो नसताना काय बोलणं होईल? एकदा सुई बोटात गेली तरी त्याला कळलं नाही. कोटावर रक्त पडू नये म्हणून चाचांनीच त्याचा हात बाजूला केला आणि मग ते हळू आवाजात बोलले.

“बेटा, तुझी ती मालिका वाईट नाही. तिच्यातली भोकं लिहिणाऱ्याने मुद्दाम पाडलेली असतात, तुम्ही बुजवावीत म्हणून. चुकलास तर पुढच्या शुक्रवारी हसशील, कुणाचं काही जात नाही. पण माणसात पडलेलं भोक असं कुणी कोड्यासाठी पाडत नाही. तिथे काहीतरी झिजलेलं असतं, नाहीतर जळलेलं असतं. तू शालनच्या वागण्यातली चार भोकं बघितलीस आणि झटपट बुजवलीस. काम सुरेख केलंस, एक टाका चुकला नाही. पण धागा कुठला वापरलास? तुझ्या भीतीचा. तिच्याकडून एक तरी धागा घेतलास का?”

विश्रामने सुई पुन्हा ओवली आणि आता तो घड्याळाकडे बघेना.

साडेतीनला रफू पुरं झालं. चाचांनी उन्हात धरून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. विश्राम जवळजवळ पळतच घरी गेला. शालन ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. दारातून त्याने हाक मारली. ती वळली नाही. त्याचा रात्रीचा राग पुन्हा उसळला. पण या वेळी तो दारातच थांबला नाही. पुढे जाऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “शालन, मिरजेचं तिकीट मी बघितलं. मला फार भीती वाटतेय. तूच सांग काय ते.”

हातातला चमचा खाली ठेवून ती म्हणाली, “कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. डाव्या कानाने काही ऐकू येत नाही हो मला. उजव्यानेही कमी होत चाललंय म्हणाले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“बहिरी बायको गळ्यात पडली असं वाटलं असतं तुम्हाला. तुमच्या मालिकेत सगळे कुजबुजत बोलतात. मला एक अक्षर कळत नाही, आणि तुम्ही विचारता, काय वाटतं, कोणी केलं असेल? काय सांगू मी? म्हणून उठून जायची.”

विश्राम लहान मुलासारखा रडला. चार वाजता सासरे धास्तावलेल्या चेहऱ्याने दारात आले, तेव्हा त्याने त्यांचे पाय धरले आणि सोमवारी तिघांनी मिळून मिरजेला जायचं ठरवलं.

पुढच्या शुक्रवारी दहावा भाग झाला. मास्तरांची बायको एका दूरच्या शहरात सापडली. ती स्वतःहूनच गेली होती. विश्रामचा तर्क शब्दन् शब्द खरा ठरला होता! गटावर तीनशे माणसं त्याला हाका मारत होती, कुठे आहात, बोला की. पण फोन बाजूला पडून होता. विश्राम शालनच्या उजव्या बाजूला बसला होता आणि पडद्यावरचं प्रत्येक कुजबुजतं वाक्य मोठ्याने तिच्या कानाशी सांगत होता.