उपडा जार

ह्या गोष्टीचा शेवट वळखून दावा. जो वळखंल त्येला अर्धी मिशी काढून देऊ. पर न्हाई वळखायचा तुमाला, पैज!

एकदा एका गावात चाळीस पोरांची शाळा व्हती. हेडमास्तर निवृत्ती खरमाटे. कापडं अशी कडक इस्तरीची, की माशी बसली तर घसरून पडंल. मानूस मातर सोन्यावानी. शाळंला चांगलं वळन लागावं म्हनून त्येनं भिंती सुविचारांनी रंगवल्या. पोरं रोज शपथ घ्यायची, ‘आम्ही सारे एक.’ पान्याची टाकी कुनी कवा धुवायची, ती पाळीबी फळ्यावर लिवलेली.

पर टाकी कोन धुईना. पोरं एकमेकाकडं बोट दावायची, मास्तर दटावून वर्गात जायचे. पानी हिरवं झालं, पोरांची पोटं दुखाया लागली. आईबाप म्हनले, “सोमवारी दाखले द्या, पोरं तालुक्याला घालतो.” दाखले गेले की शाळंला कुलूप!

खरमाटे धावले ते थेट ज्येंच्या हाताखाली शिकले त्या अंतू गुरुजींकडं.

“गुरुजी, रोज सांगतो, रोज शपथ घेतो. पोरांत काही भिनतच नाही.”

“उद्या शुक्रवारी येतो. पर मी काय केलं तर ‘का’ म्हनून इचारायचं न्हाई. कबूल?”

“कबूल.”

सकाळी म्हातारा आला तो सरळ हापिसात शिरला. मास्तर लोकांसाठी गार पान्याचा जार व्हता, तो घरंगळत भायेर नेला, सगळं पानी जास्वंदीला ओतलं, जार उपडा घातला आनि वर ऐटीत बसला.

“सर, ह्या बाबांना झालंय काय?” दुसरीला शिकवनाऱ्या सातपुतेबाई वराडल्या. खरमाट्यांनी दातावर दात दाबले. शबूद दिला व्हता न्हवं!

ऊन तापलं. पाढे म्हनता म्हनता बाईंचा घसा बसला. दुपारी समदे मास्तर टाकीवर. खरमाट्यांनी वाकून ओंजळ धरली, तर त्यात शेवाळ. तीन वर्सं झाली शाळंत येऊन, त्या तोटीला ते कधी वाकलेच नव्हते. ओंजळ तोंडापातूर जाईना.

मागं चौथीतली एक पोरगी हुबी व्हती. मायेनं म्हनाली, “सर, तोटीला फडकं धरा. आमी तसंच पितो.”

खरमाट्यांनी ओंजळ सोडली. बूट काढले आनि इस्तरीच्या पँटीसकट टाकीत उतरले. “खराटा दे गं.”

बाईंनी पदर खोचला. पोरांनी बादल्या आनल्या. पाळी कुनाची, ते फळ्यावर बघाया कोन गेलं न्हाई.

टाकी लखलखली तवा गुरुजी उठले. “निवृत्ती, ‘आम्ही सारे एक’ म्हनायचं आनि पानी येगळं प्यायचं. पोरं भिंत न्हाई वाचत बाबा, तुला वाचत्यात. तू आज टाकीत उतरलास, आता सुविचार पुसले तरी चालंल.”

सोमवारी आईबाप आले. सर तोटीला तोंड लावून पीत व्हते, मागं पोरांची रांग. दाखल्याचं नाव कुनी काढलं न्हाई.

वळखला शेवट? ऱ्हाऊ द्या, मिशी वाचली आमची.

जार गुरुजींनी दक्षिना म्हनून नेला. पँट मातर गुडघ्यापातूर हिरवी ती हिरवीच. धोब्यानं हात जोडले. आता दर शुक्रवारी खरमाटे सर तीच घालून टाकीत उतरत्यात.