वळूला टोचलेल्या सुया

एकदा एका माळावरच्या गावात सर्वांनी मिळून एक खिलार वळू पाळला होता. त्याची निगा एक वृद्ध पशुवैद्य आणि त्यांचा शिष्य राखत. शिष्य हुशार, पण उतावळा. प्रदर्शनात वळूचा पहिला नंबर यावा म्हणून त्याने गुरूंना न विचारता कित्येक महिने त्याला नर-संप्रेरकाच्या सुया टोचल्या. वळूची मान भरली, नंबर आला, गावाने गुलाल उधळला. मात्र त्या हंगामात त्याला दाखवलेल्या तेवीस गायी एकामागून एक उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या. एकही गाभण राहिली नाही.

गुलाल उधळणाऱ्यांनीच मग त्याला खायला काळ आणि भुईला भार ठरवले. आठ दिवसांनी बाजारात विकायचे ठरले. तिथे असा वळू कोणाच्या हाती पडतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी कोणाची मान खाली गेली नाही.

शिष्याने गुरूंपाशी सारे कबूल केले आणि आणखी जोरकस सुया देण्याची परवानगी मागितली. गुरूंनी उरलेल्या बाटल्या खड्ड्यात पुरल्या. दुसऱ्या दिवसापासून ते शिष्याआधी उठून त्याचीच कामे उरकू लागले. गोठा झाडलेला, वैरण टाकलेली, पाणी भरलेले. शिष्य मनातून संतापला. मुक्या जनावराच्या गळ्याशी आले आहे आणि हे खराटा घेऊन बसलेत! दोन दिवस तो ओशाळून उठला. नंतर उन्हे येईपर्यंत लोळू लागला.

सहाव्या दिवशी गुरूंनी त्याला उठवून विचारले, “हल्ली उठत का नाहीस?”

“सगळं झालेलंच असतं. उठून करू काय?” तो फणकारला.

“वळूच्या मेंदूनं तरी दुसरं काय केलं? मेंदू हुकूम धाडतो, तेव्हा वृषणं रस करतात, बीज घडवतात. तो रस रक्तातून वर पोचला की मेंदू हुकूम आवरतो. कमी पडला की पुन्हा धाडतो. तू रस बाहेरून ओतलास. मेंदूला वाटलं, काम झालं. हुकूम थांबले, वृषणं आक्रसली, बीज आटलं. आणि तू म्हणतोस, अजून ओतू.”

शिष्याचा चेहरा तापला. “मग वळूचा काय दोष? त्याला का विकायचं?”

“हे मला कशाला विचारतोस? चावडीवर विचार.”

तो तडक चावडीवर गेला. सुया आपणच टोचल्या हे त्याने भर पंचांत सांगितले आणि वळूसाठी चार महिने मागितले. नाही सुधारला तर, पंचांनी विचारले. मग आधी मला गावाबाहेर काढा, तो म्हणाला. कुरकुरत का होईना, पंचांनी मुदत दिली. दुसऱ्या दिवशी गुरू उठण्याआधी गोठा झाडून झाला होता.

चौथ्या महिन्यात गुरूंनी वळूचे वीर्य सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि ते बाजूला सरकले. शिष्याने डोळा लावला. काचेवर थोडेसेच, पण जिवंत शुक्रजंतू वळवळत होते. गुरूंना वाकून नमस्कार करून तो वैरण आणायला गेला.

एखाद्याला निकामी म्हणून हाकलण्याआधी, त्याचे काम त्याच्याकडून कोणी काढून घेतले, एवढे तरी आपण विचारावे.